अनुदान, वर्गणी आणि बांगड्या

गेल्या पावसाळ्यात एक वृद्ध गृहस्थ हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. मी ज्या वसतिगृहात पाचवी ते दहावी काढली, त्याचे ते अधीक्षक. ज्यांनी मला 'अरे' म्हणून हाक मारली, कान पिळला, तापात डोक्यावर पाण्याची पट्टी ठेवली, ते आता मला 'सर' म्हणतात आणि मी संकोचाने खुर्ची पुढे करतो. पिशवीत एका कंपनीच्या सामाजिक निधीसाठी करावयाचा अर्ज होता. इंग्रजीत, सव्वीस पानांचा. त्यांना तो भरून हवा होता. "तुम्ही शिकलात ना, मग भरा," एवढेच ते म्हणाले.

अर्जात विचारले होते की, संस्थेची 'दृष्टी' काय, 'ध्येय' काय, तीन वर्षांत किती लाभार्थ्यांच्या जीवनात मोजता येण्याजोगा बदल घडला. शेवटून दुसऱ्या पानावर एक रकाना होता : या कार्यात संस्थेचा स्वतःचा वाटा किती? गुरुजींनी त्या रकान्यावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. त्या रकान्यापाशी आम्ही दोघेही अडलो. हा लेख त्या अडण्यातून लिहिला आहे.

आपल्या चळवळीचा इतिहास आपण परिषदांचा, सत्याग्रहांचा, ठरावांचा इतिहास म्हणून लिहितो. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार. हे योग्यच आहे. पण त्याच काळात ठिकठिकाणी काही माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात उद्याच्या जेवणाचा हिशेब मांडत बसलेली होती. मुलगा परिषदेत घोषणा देऊन परत आला की त्याला भाकरी हवी असे. ती कुठून आली, कोणाच्या पैशाने आली आणि पैसा देणाऱ्याने बदल्यात काय मागितले, हा इतिहास वह्यांत, पावतीपुस्तकांत आणि बायकांच्या आठवणींत पडून राहिला. तो क्षुल्लक नाही. कारण संस्थेला पैसा कोण देतो यावरून संस्था कोणाला जबाबदार राहते हे ठरते, आणि ती कोणाला जबाबदार आहे यावरून तिथे वाढणारे मूल मान वर करून वाढणार की खाली घालून, हेही पुष्कळसे ठरते.

प्रारंभ जोतीराव फुल्यांपासून करावा लागतो. १८५२ साली पुण्यात अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाली आणि ती चालवण्यासाठी 'महार मांग इत्यादि लोकांस विद्या शिकविणारी मंडळी' उभी राहिली. नावातच काम सांगणारी संस्था. तिला पैसा मिळाला तो युरोपियन अधिकाऱ्यांच्या आणि काही एतद्देशीय सद्गृहस्थांच्या वर्गणीतून व सरकारच्या दक्षिणा फंडातून. दक्षिणा फंड म्हणजे काय हे विद्यार्थी वाचकांसाठी सांगतो. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी पूर्णपणे बंद न करता हळूहळू विद्येच्या कामाकडे वळवली. त्यातला एक बारीक ओघळ महारामांगांच्या पोरांच्या पाट्यांपर्यंत आला. याला न्याय म्हणावे की इतिहासाची थट्टा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र १८५७ नंतर युरोपियनांच्या वर्गण्या आटल्या. देणाऱ्याचे मन फिरले की शाळेचा दिवा मंदावतो, हा धडा आपल्याला इतक्या आधी मिळालेला आहे.

१८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि मदतीचे जाहीर आवाहन केले. राणीचे नाव दिले यावरून आज नाक मुरडणारे भेटतात. मला त्यात व्यवहार दिसतो. भुकेल्या मुलांना जेवू घालायचे तर ज्याच्या कोठारात धान्य आहे त्याच्या दारावरची पाटी वाचावी लागते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले, तेही मिस क्लार्क यांच्या नावाने. पण तिथे मागणारा आणि देणारा असा भेदच नव्हता. राजाच संस्थापक होता. असे भाग्य फार थोड्या संस्थांच्या वाट्याला आले, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा सुरू केली. अध्यक्ष सर नारायणराव चंदावरकर. प्रारंभीच्या खर्चासाठी शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी एक हजार रुपये दिले. पुढे पुण्यातील इमारतीसाठी तुकोजीराव होळकर महाराजांनी वीस हजारांची देणगी दिली आणि अहिल्याश्रम उभा राहिला. शिंद्यांची आई, वडील, बहीण जनाक्का सगळी या कामात खपली. अस्पृश्यांच्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिली. शिंद्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही मिशनचा कारभार वरच्या जातींच्या सज्जनांच्या मंडळाकडे होता आणि ज्यांच्यासाठी तो चालला होता त्यांना मंडळात जागा हवी होती. हा ताण वाढत गेला आणि १९२३ च्या सुमारास शिंदे मिशनच्या प्रत्यक्ष कारभारातून बाजूला झाले. त्यांना स्वकीयांनी भ्रष्ट ठरवले, आणि ज्यांच्यासाठी भ्रष्ट झाले त्यांच्यातल्या तरुणांनी परका मानले. माणूस चांगला असूनही रचना चुकीची असू शकते, हे सांगायला यापेक्षा दुःखद उदाहरण माझ्यापाशी नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सर्व पाहिले होते. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, जी. के. नरिमन, बा. गं. खेर यांच्यासारखी नावे. वरवर पाहता ही मिशनचीच दुसरी आवृत्ती वाटते, आणि तशी टीकाही होऊ शकते. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः आंबेडकर, चिटणीस सीताराम शिवतरकर, खजिनदार निवृत्ती जाधव. म्हणजे पत्रकाच्या शिरोभागी प्रतिष्ठितांची नावे, आणि ठरावाचे व हिशेबाचे पुस्तक आपल्या माणसांच्या हातात. मोठ्या नावांमुळे दारे उघडतात हे त्यांनी ओळखले होते. दार उघडल्यावर आत काय करायचे हे मात्र त्यांनी नावांवर सोडले नाही.

सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह काढले. जेवण, कपडे, शालेय साहित्य सारे सभेकडून, आणि सोलापूर नगरपालिकेचे अनुदान. त्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. हे मासिक पाहायला मिळावे असे मला फार वाटते. ज्या मुलांच्या आईबापांना अक्षर माहीत नाही, त्यांनी वसतिगृहात पाऊल ठेवून पहिल्या काही वर्षांतच मासिक काढावे! आजच्या अर्जातील 'मोजता येण्याजोगा बदल' या रकान्यात हे कसे भरायचे?

१९२७ ते १९२९ या काळात निघालेले 'बहिष्कृत भारत' या दृष्टीनेही पुन्हा चाळावे. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहावे लागत होते, आणि ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात संपादकाने वाचकांनाच विचारले की बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय. मागण्याची ही रीत मला महत्त्वाची वाटते. मदत करा असे तेथे म्हटलेले नाही. हे तुमचे देणे आहे आणि ते थकले आहे, असे म्हटले आहे. मागणारा खाली आणि देणारा वर ही जी दानाची शिडी आहे, ती या एका शब्दाने उलटी होते. गिरणीत राबणारा, गोदीत ओझे वाहणारा, रेल्वेत सांधे ओढणारा माणूस आणा-दोन आणे देताना कोणावर उपकार करीत नव्हता. आणि त्या दोन आण्यांमुळे सभेला हिशेब विचारण्याचा अधिकार त्याला मिळत होता.

पण केवळ दोन आण्यांवर वसतिगृहे चालत नाहीत हेही तितकेच खरे. जून १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई सरकारने अस्पृश्य वर्गातील माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहे मंजूर केली आणि ती या संस्थेकडे सोपवली. नाशिक, ठाणे, धारवाड अशा ठिकाणी ती चालू लागली. नाशिकला भाऊराव गायकवाडांसारखा माणूस वसतिगृहाचा कारभार पाहत होता. सरकारचे अनुदान अपुरे पडे, म्हणून इतर धर्मीय दानशूरांकडे, ट्रस्टांकडे, लोकल बोर्डांकडे मागणी करावी लागे. बॅरिस्टर झालेला, कायदेमंडळात बसणारा माणूस मुलांच्या धान्यासाठी पत्रे लिहीत होता. आपण पुतळ्याच्या हातात संविधान देतो, ते बरोबरच आहे. पण त्याच हाताने शेकडो विनंतीपत्रे लिहिली, हे आपल्या मुलांना ठाऊक असते काय?

धारवाडच्या वसतिगृहाची एक आठवण बळवंतराव वराळे यांच्याकडून आपल्यापर्यंत आली आहे. रमाबाई हवापालटासाठी तिथे गेल्या होत्या. रोज अंगणात खेळणारी मुले दोन दिवस दिसेनात. त्यांनी चौकशी केली. सरकारी अनुदान आले नव्हते आणि धान्य संपले होते. मुले उपाशी होती. रमाबाईंनी आत जाऊन सोन्याच्या बांगड्या आणून वराळ्यांच्या हातात ठेवल्या. ही आठवण दर वर्षी मे महिन्यात त्यांच्या स्मृतिदिनाला सांगितली जाते, डोळे पुसले जातात, 'त्यागमूर्ती' म्हटले जाते आणि सभा संपते. मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्यातील एका वाक्याकडे लक्ष वेधू इच्छितो : अनुदान आले नव्हते. मंजूर होते, पण आले नव्हते. ही आठवण त्यागाची आहे तशीच ती उशिराचीही आहे. तो उशीर कोणी केला, कोणत्या टेबलावर कागद पडला होता, याची नोंद कुठेही नाही. बांगड्यांची नोंदही कोणत्याच सरकारी वहीत नाही. अनुदान पोचल्यावर वहीत ते पूर्ण रकमेने जमा झाले असेल, आणि हिशेब-तपासनिसाने सर्व ठीक असल्याचा शेरा मारला असेल.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगची कथा याहून वेगळी नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था, १९२४ साली साताऱ्याचे सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग. गावोगाव मुष्टिफंड : घरच्या बाईने दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचे. वर्गणीची इतकी सुंदर पद्धत दुसरी नाही, कारण ज्याच्याकडे रोकड नाही त्यालाही तीत देणारा होता येते. तरीही अडचणीच्या दिवशी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. एक महार घरातली बाई आणि एक जैन घरातली बाई. दोघींनीही ज्या मुलांना जन्म दिला नव्हता त्यांच्या भाकरीसाठी अंगावरचे सोने उतरवले. पुरुषांनी संस्था स्थापन केल्या, अध्यक्ष झाले, त्यांची नावे इमारतींवर आली. संस्थांची तूट मात्र बायकांनी भरून काढली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथाने आपल्याला जाईबाई चौधरी भेटवल्या. नागपूर-कामठी वाटेवर डोक्यावर ओझी वाहणारी ही बाई शिकली, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली, सवर्ण पालकांनी गोंधळ केला म्हणून ती नोकरी गेली, आणि मग तिने चोखामेळ्याच्या नावाने मुलींची स्वतःची शाळा काढली. या शाळेला पैसा देणारा कोणी महाराजा नव्हता.

आता १९३२ कडे यावे लागेल, कारण आजच्या अर्जातील पुष्कळसे प्रश्न तिथे जन्मले. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी अस्पृश्यता निवारणासाठी जी अखिल भारतीय संस्था निघाली ती पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. मध्यवर्ती मंडळात प्रारंभी आंबेडकर, एम. सी. राजा आणि आर. श्रीनिवासन हे तिघे होते. नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना एक दीर्घ पत्र लिहिले. ते पत्र प्रत्येक सामाजिक संस्थेच्या कार्यालयात असावे असे माझे मत आहे. त्यांनी दोन मार्ग वेगळे करून दाखवले. माणूस दीन आहे तो त्याच्या वैयक्तिक दुर्गुणांमुळे, असे मानले तर त्याला सद्गुण शिकवा, दारूबंदी सांगा, व्यायामशाळा आणि वाचनालये काढा. तो दीन आहे तो भोवतालच्या परिस्थितीमुळे, असे मानले तर विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहन येथील त्याच्या हक्कांसाठी खेड्यापाड्यांत मोहीम काढा. मग सवर्णांशी संघर्ष अटळ आहे, हे धरून चला. त्यांनी दुसऱ्या मार्गाची मागणी केली, आणि काम करणारी माणसे अस्पृश्यांतूनच घ्या असेही सुचवले. या पत्राला साधी पोचही आली नाही असे त्यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे.

तिघेही मंडळातून बाहेर पडले. नंतर अस्पृश्यांना मंडळात घ्या अशी मागणी झाली तेव्हा गांधीजींचे उत्तर असे होते की, हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ऋण फेडणारे ते आहेत, तेव्हा कारभारही त्यांनीच पाहावा. १९३३-३४ च्या दौऱ्यात सुमारे ८ लाख रुपये जमले. पाहा, ऋण हा शब्द दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी धनको हिशेब मागतो. दुसऱ्या ठिकाणी ऋणको म्हणतो की मी देणे लागतो हे कबूल, पण किती, केव्हा आणि कसे फेडायचे ते मीच ठरवीन. संघाच्या पैशाने पुष्कळ मुले शिकली, त्यांतील काही आपले कार्यकर्तेही झाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. मी फक्त विचारतो की मंडळाच्या बैठकीत त्यांना खुर्ची का नव्हती.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दान आणि हक्क यांतील अंतर कृतीने दाखवले. १९४४ पासून केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याने कोणाच्या दारात उभे राहू नये असे वाटते, त्याने सरकारी तिजोरीवर त्याचे नाव लिहिले. पुढच्याच वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादचे महाविद्यालय, जे आज मिलिंद म्हणून आपण ओळखतो. माझ्यासारखे हजारो लोक त्या शिष्यवृत्तीवर पदवीधर झाले. माझ्या घरात पदवी हा शब्द माझ्यापासून सुरू होतो. तीसुद्धा दर वर्षी वेळेवर आली नाही, आणि फी भरली नाही म्हणून परीक्षेचे प्रवेशपत्र अडवलेला दिवस मी विसरलेलो नाही. धारवाडचा उशीर हक्काबरोबरच वारसाने आला.

स्वातंत्र्यानंतर स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानित वसतिगृहांचे जाळे उभे राहिले. मुलामागे परिपोषण अनुदान, अधीक्षकाला आणि स्वयंपाकीणबाईला मानधन. पगार नव्हे, मानधन. हा शब्द नीट पाहा. मान शब्दात असतो, धन नंतर येते. यातली बरीच वसतिगृहे पुढे पुढाऱ्यांच्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या हातात गेली, पटावर खोटी मुले दाखवली गेली, हेही आपण उघडपणे बोलले पाहिजे. आपल्या माणसांनी केले म्हणून ते झाकायचे नाही. पण त्या निमित्ताने इमानी माणसालाही चोर समजून तपासण्या झाल्या, आणि चोर मात्र तपासणाऱ्याला चहा पाजून सुटले.

आज पैशाची वाट पुन्हा वळली आहे. परदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. २०१० साली नवा आला आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी निधी दुसरीला देण्यास बंदी केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली. शहरातल्या मोठ्या संस्थेच्या हातून तालुक्याच्या छोट्या संस्थेपर्यंत जो पैसा येई, तो थांबला. दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले. कायदा चांगला आहे. पण कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे त्याच कलमात म्हटले आहे. ज्या तालुक्यात एक कारखाना नाही, जिथली माणसे ऊसतोडीला जातात म्हणून मुले वसतिगृहात ठेवावी लागतात, त्याचा परिसर कोणता? त्यात धर्मादाय आयुक्तांची नोंदणी, आयकराची दोन प्रमाणपत्रे, २०२१ पासून कंपनी खात्याकडे वेगळी नोंदणी. हे सर्व करून देणारे सल्लागार जिल्ह्याच्या गावी दुकान टाकून बसले आहेत. त्यांची फी गुरुजींच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाइतकी असते.

म्हणून गुरुजी माझ्याकडे आले. तीन रविवार आम्ही तो अर्ज भरला. 'दृष्टी'च्या रकान्यात काय लिहावे हे त्यांना विचारले, तर ते म्हणाले, "पोरं परत ऊसाच्या फडात जाऊ नयेत, एवढंच." मी ते इंग्रजीत केले तेव्हा ते फार भारदस्त दिसू लागले आणि मला त्याची लाज वाटली. मुलांची छायाचित्रे जोडायची होती. दुःखी चेहऱ्याचे एखादे असावे असे सल्लागाराने सुचवले होते. गुरुजींनी स्नेहसंमेलनात लेझीम खेळणाऱ्या मुलींचे छायाचित्र दिले.

मग तो रकाना. संस्थेचा स्वतःचा वाटा. संस्थेकडे जमीन नाही, ठेव नाही. गुरुजींनी पिशवीतून एक जुनी शंभरपानी वही काढली. अनुदान थकलेल्या महिन्यांत किराणा दुकानदाराची उधारी कोणी कोणी भागवली, याची ती वही. पुष्कळ ठिकाणी त्यांचे स्वतःचे नाव होते. त्याहून अधिक ठिकाणी फक्त 'मावशी' असे लिहिलेले होते. ही आमची स्वयंपाकीणबाई. माझ्या ताटात भाकरी वाढणारी. थकलेले मानधन तिने मागितले नव्हते, आणि एका महिन्यापुढे गुरुजींच्या अक्षरात 'मावशी, डोरले' असे दोन शब्द होते. ते वर्ष मी पाहिले. मी तेव्हा आठवीत होतो. त्या महिन्यात आम्ही एकही दिवस उपाशी राहिलो नव्हतो.

कंपनीच्या माणसाला फोन करून विचारले. तो नम्रपणे म्हणाला की, पावती असेल तरच वाटा धरता येईल. आम्ही त्या वहीतील सर्व रकमांची बेरीज केली, वेगळ्या कागदावर सविस्तर लिहिली आणि अर्जाला परिशिष्ट म्हणून जोडली. चौथ्या रविवारी मी वसतिगृहात गेलो. मावशी आता चुलीपाशी बसत नाही, तिची सून बसते. तिला कागद वाचून दाखवला. तिने डोरल्याची ओळ दोनदा वाचायला लावली, किंमत तेव्हा जास्त आली होती असे म्हणाली, आणि आकडा मला दुरुस्त करायला लावला. मग वसतिगृहातल्या मुलींनी शिकवलेली सही, एकेक अक्षर थांबत, तिने खाली केली.